सुयांवरची चार कामं: कुठवर आली आणि कुठे अडली (विणकामाची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

दोनसुया
एकाच वेळी चार कामं सुयांवर आहेत आणि चारही कुठे ना कुठे अडली आहेत. वहीतले आकडे जसेच्या तसे देते, म्हणजे कुणाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

पहिलं, रॅग्लन स्वेटर, म्हणजे बाहीचा जोड काखेपासून गळ्यापर्यंत तिरका जातो तो. शुद्ध लोकर, ४.५ मिमीची गोल सुई, खालून वर. छाती १०० सेंमी हवी. नमुन्याचा तुकडा दोन सुयांवर विणला होता. धुऊन वाळवल्यावर त्यात १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी आल्या. म्हणून अंगाला २०० टाके घातले. आता काखेपर्यंत विणून झालंय, पण मोजलं तर घेर ९५ सेंमीच भरतो.

दुसरं, मोजे. ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, २.५ मिमीच्या पाच सुया, ६४ टाके, १० सेंमीत ३२ टाके. टाच वळवून झाली, बाजूचे टाकेही उचलले. पण टाच आणि पावलाचा वरचा भाग जिथे मिळतात तिथे दोन्हीकडे करंगळी जाईल एवढं भोक पडलंय.

तिसरं, जाळीच्या विणीची त्रिकोणी शाल. १०० ग्रॅमची एकच लडी, ४०० मीटर. ७ टाक्यांपासून सुरुवात, दर सुलट ओळीला ४ टाके वाढतात. ६० ओळी झाल्या. १२७ टाके हवेत, १२६ भरतात. दुसरी शंका अशी की १२० ओळींपर्यंत लोकर पुरेल का? आत्तापर्यंत २२ ग्रॅम संपली आहे.

चौथं, वेणीचं कार्डिगन. १० सेंमीत २२ टाके, ३० ओळी. सहा टाक्यांची वेणी, दर आठ ओळींनी पीळ. उजव्या पुढच्या भागात एक पीळ उलट्या दिशेला पडलाय, आणि तो आता १४ ओळी खाली आहे. डावा पुढचा भाग पूर्ण झालाय, पण बटणपट्टीला झालर लावल्यासारख्या लाटा येतात.

मुंढा
स्वेटर उसवू नका. आधी कारण समजून घ्या.

दोन सुयांवर एक ओळ सुलट, एक उलट असते. गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलट. पुष्कळ जणांच्या हातून उलट टाका सुलटपेक्षा थोडा सैल पडतो. त्यामुळे दोन सुयांवरचा तुकडा जरा मोकळा येतो आणि तीच लोकर, त्याच सुया घेऊन गोल विणलं की घट्ट होतं. तुमच्याकडे २० च्या जागी २१ टाके पडताहेत. २०० भागिले २.१ (एका सेंमीतले टाके) केलं की ९५ सेंमी. हिशोब बरोबर जुळला.

दुसरं म्हणजे तुकडा धुऊन मोजला आणि अंग न धुता मोजलं. ही तुलनाच चुकीची. अंगाचे सगळे टाके एका लांब, गुळगुळीत सुती दोऱ्यावर घ्या, सुई काढून टाका. कोमट पाण्यात २० मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सपाट पसरून ५० सेंमी रुंदीला टाचण्या लावा. पूर्ण वाळल्यावर टाचण्या काढा, तासभर तसंच राहू द्या आणि मग मोजा. शुद्ध लोकर असल्याने ९५ चे ९८-९९ होणं सहज शक्य आहे.

अॅक्रिलिक असतं तर हा सल्ला दिला नसता. ते धुऊन फारसं बदलत नाही.

जाळीदार
शालीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मोजणीतच आहेत.

१२७ मधून दोन्ही कडांचे ३-३ आणि मधल्या कण्याचा १ टाका वजा करा. राहिले १२०, म्हणजे प्रत्येक अर्ध्यात ६०. वीण १० टाक्यांची असेल तर सहा सहा घरं, म्हणजे नक्षीचे दहा-दहा टाक्यांचे गट. आधी दोन्ही अर्धे वेगळे मोजा. एकात ६० आणि दुसऱ्यात ५९ निघतील. मग ५९ वाल्या बाजूला दर दहा टाक्यांनी मार्कर किंवा रंगीत दोऱ्याचा फास अडकवा. ज्या घरात नऊच टाके तिथे घोळ.

आता त्या घरात वीण वाचायची. जाळीत प्रत्येक जोडटाक्याशेजारी सुईवर घेतलेला एक वेढा असतो, म्हणून तिथे भोक दिसतं. जोडटाका आहे पण भोक नाही, तर वेढा घ्यायचा राहिला. तो शेवटच्या सुलट ओळीत राहिला असेल तर दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने उचलायचा आणि उलट ओळीत साधा विणायचा. भोक जरा लहान दिसेल, धुतल्यावर कळणारही नाही. दोन ओळी खाली असेल तर तेवढाच एक टाका खाली सोडून, आडवा धागा उचलून क्रोशाच्या सुईने वर आणता येतो. चार ओळींहून खाली असेल तर मात्र वरची सगळी नक्षी एका टाक्याने सरकलेली असते. तिथे डागडुजी करण्यात वेळ घालवण्यापेक्षा तेवढ्या ओळी उसवणं लवकर होतं.

आणि यापुढे दर दहा ओळींनी उलट ओळीनंतर एक बारीक सुती दोरा सुईदोऱ्याने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. उसवायची वेळ आली तर तिथे येऊन थांबता येतं. दोरा मार्करमधून ओवू नका, नाहीतर मार्कर तिथेच अडकून बसतील. दोरा शालीच्या रंगाचा नको, आणि केसाळ तर अजिबात नको.

जाळीदार
लोकर पुरण्याचं वेगळं लिहिते, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो.

१२० पैकी ६० ओळी झाल्या म्हणजे निम्मी शाल झाली असं वाटतं. त्रिकोणात तसं नसतं. ओळ सतत रुंद होत जाते, म्हणून लोकर ओळींच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. पहिल्या ६० ओळींत ओळीला सरासरी ६९ टाके, म्हणजे साधारण ४१४० टाके. पूर्ण १२० ओळींत सरासरी १२९, म्हणजे १५,४८० टाके. जवळजवळ पावणेचारपट. २२ ग्रॅमला ३.७४ ने गुणा, ८२ ग्रॅम आले.

आता टाके बंद करायला किती लागेल? १२० व्या ओळीला २४७ टाके, म्हणजे अंदाजे १.३ ग्रॅम. जाळीच्या शालीचे टाके सैल बंद करावे लागतात, त्याला त्या ओळीच्या तीन ते चारपट लोकर धरा. म्हणजे जास्तीत जास्त सव्वापाच ग्रॅम. एकूण ८८ च्या आसपास. उरलेल्या १२ ग्रॅममध्ये आणखी दहा ओळींचा पट्टा बसेल का, हा मोह पुढे होणारच आहे, म्हणून आत्ताच सांगते: नाही. दहा ओळींना १४ ग्रॅम लागतील.

स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपर्यंत अचूक असला तरी चालेल, फक्त दर वेळी लडी त्याच भांड्यात ठेवून वजन करा.

चारसुया
मोज्यातलं भोक. आधी आकडे जुळतात का बघू.

टाचेचा पडदा (टाचेमागचा सपाट तुकडा) ३२ टाके, ३२ ओळी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचललेला. म्हणजे कडेला १६ साखळ्या. टाच वळवल्यावर १८ टाके उरायला हवेत. तुम्ही दोन्ही बाजूंनी १६-१६ उचलले असणार: ३२ अधिक १८ अधिक १६ अधिक १६, एकूण ८२. भोक पडलं ते यामुळेच. पडद्याची शेवटची साखळी आणि पावलावरचा पहिला टाका यांच्यामध्ये जो कोपरा असतो, तो सगळा ताण सहन करतो, आणि तिथे टाकाच नाही.

कोपऱ्यातून सतरावा टाका उचलायचा. पण भोकाच्या तोंडाशी दिसणारा लांब सैल धागा उचलू नका, त्याने भोक आणखी मोठं होतं. त्याच्या खालच्या ओळीतला, पावलाच्या बाजूचा घट्ट टाका शोधा आणि त्याची एक बाजू उचला. पुढच्या फेरीत उचललेले सगळे टाके मागच्या बाजूने विणा, म्हणजे पीळ बसून ते आवळले जातात. आता एकूण ८४. एक फेरी साधी, एक फेरी दोन्ही बाजूंना एकेक घट (दोन टाके एकत्र विणून एक कमी), असं दहा वेळा केलं की पुन्हा ६४.

उसवायचं नसेल तर भोक आतल्या बाजूने सुईदोऱ्याने शिवूनही मिटतं: भोकाभोवतीच्या टाक्यांच्या एकेका पायातून लोकर ओवायची, हलकेच ओढायची, टोक आत मुरवायचं. वापरात कुणाला कळत नाही. दुसऱ्या मोज्यात मात्र सतरावा टाका उचला.

टाका_सुटला
टाच वळवल्यावर १८ कसे उरतात? माझ्याकडे दर वेळी वेगळा आकडा येतो.

चारसुया
३२ टाक्यांसाठी असं:

सुलट बाजू: १८ सुलट, पुढचे दोन टाके सुलटसारखे एकेक उचलून मागून एकत्र, १ सुलट, काम वळवा. मागे ११ टाके न विणलेले राहतात.
उलट बाजू: पहिला उचला, ५ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, वळवा. याही बाजूला ११ राहिले पाहिजेत. इथेच मोजा. दोन्हीकडे ११ नसतील तर टाच एका बाजूला कललेली येईल आणि पुढे कितीही ओढाताण केली तरी सरळ होणार नाही.
सुलट बाजू: पहिला उचला, ६ सुलट, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे २ एकत्र, १ सुलट, वळवा.
उलट बाजू: पहिला उचला, ७ उलट, फटीवरचे २ एकत्र उलट, १ उलट, वळवा.

पुढे दर ओळीला मधला आकडा एकाने वाढतो, पण तो लक्षात ठेवायची गरज नाही. काम वळवलेली जागा फट म्हणून स्पष्ट दिसते, ती फट बुजवत जायचं. शेवटच्या दोन ओळींत जोडटाक्यानंतर विणायला टाका उरत नाही. प्रत्येक बाजूला सात घटी, ३२ वजा १४ म्हणजे १८.

तुमचा आकडा बदलतो म्हणजे बहुतेक शेवटच्या दोन ओळींत गोंधळ होतोय, किंवा फट ओलांडायच्या आधीच जोडटाका पडतोय.

मुंढा
एक पुस्ती. पावलाची कमान उंच असेल तर ३२ ओळींचा पडदा कमी पडतो, मोजा टाचेवरून खाली सरकतो. पडदा ३६ ओळींचा करा. मग साखळ्या १८, कोपऱ्याचे धरून प्रत्येक बाजूला १९, एकूण ८८, आणि घटी दहाऐवजी बारा वेळा.

दोनसुया
धन्यवाद. अद्ययावत स्थिती: अंग दोऱ्यावर घेऊन धुतलं, वाळल्यावर ९९ सेंमी. आडवे टाके १० सेंमीत २०.२, उभ्या ओळी २८. म्हणजे २०० टाके तसेच ठेवते. पहिल्या मोज्याचं भोक शिवलं. पण पाच सुयांच्या जोडावर उभी शिडी, म्हणजे सैल आडव्या धाग्यांची रेघ दिसतेय, चारही ठिकाणी.

शालीतला राहिलेला वेढा सापडला, शेवटून दुसऱ्या सुलट ओळीत होता. क्रोशाने वर आणला. १२७ झाले.

आता स्वेटरच्या बाह्या आणि वरच्या भागाचं गणित कुणी तपासेल का?

उलटसुलट
शिडीबद्दल: नव्या सुईवर गेल्यावर सगळे पहिला टाका जोरात ओढतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण तो टाका अजून मोकळाच असतो. पहिला टाका विणा, दुसऱ्यात सुई घाला, आणि तेव्हा ओढा. शिवाय दर दोन-तीन फेऱ्यांनी प्रत्येक सुईवरचा एक टाका पुढच्या सुईवर सरकवत राहिलात तर जोडाची जागाच बदलत राहते. फक्त मग फेरीची सुरुवात मार्करने दाखवावी लागते. आधी पडलेली शिडी धुतल्यावर बरीचशी भरून येते.

मुंढा
स्वेटरसाठी विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची टक्केवारीची रीत धरू. अंगाचे टाके म्हणजे १०० टक्के. मनगट २० टक्के, बाहीचा वरचा घेर ३३ टक्के, काखेत बाजूला ठेवायचे ८ टक्के, गळा ४० टक्के.

तुमच्या २०० ला: मनगट ४०, बाही ६६, काख १६, गळा ८०.

बाही: ४० पासून ६६, म्हणजे २६ टाके वाढवायचे, फेरीला दोन याप्रमाणे १३ वेळा. काखेपर्यंत लांबी ४५ सेंमी, त्यात ६ सेंमी बॉर्डर. उरलेल्या ३९ सेंमीत १०९ फेऱ्या. दर आठव्या फेरीला वाढ केली तर १०४ फेऱ्यांत संपते, वरच्या पाच साध्या. बाहीच्या नमुन्यातही टाके मोजा बरं का. अरुंद घेरात हात जास्त आवळतो.

जोडणी: अंगातून काखेचे १६ दोनदा वजा, राहिले १६८, पुढे ८४ आणि मागे ८४. प्रत्येक बाहीतून १६ वजा, ५०. सगळे मिळून २६८. चार जोडांवर मार्कर, प्रत्येक घटीच्या फेरीत ८ टाके कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाआड एक फेरी घट करत ८० पर्यंत आलात तर साधारण ४७ फेऱ्या होतात. २.८ ने भागा: १७ सेंमीपेक्षाही कमी. १०० छातीला एवढा आखूड मुंढा काखेत रुततो आणि हात वर केला की अख्खा स्वेटर वर येतो. स्वेटर "घट्ट झाला" अशी तक्रार येते त्यातली बरीच प्रकरणं रुंदीची नसतात, या खोलीची असतात. टाके जुळले आणि ओळींकडे दुर्लक्ष झालं की रॅग्लनमध्ये ते इथे बाहेर येतं.

उपाय: सुरुवातीच्या ७ घटी दर चौथ्या फेरीला, पुढच्या १६ दर दुसऱ्या फेरीला. फेऱ्या २८ अधिक ३२, म्हणजे ६०, २१.४ सेंमी. घटी २३, टाके २६८ वजा १८४, उरले ८४. पुढे ३८, मागे ३८, बाह्यांचे ४-४. ८४ ला चाराने भाग जातो, तेव्हा गळ्याची दोन सुलट दोन उलट बॉर्डरही बसते.

चारसुया
गळ्यासाठी एवढंच: मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच हवा, नाहीतर पुढून गळ्याला टोचतो. बॉर्डर सुरू करण्याआधी मागच्या बाजूला अर्धवट ओळींच्या तीन जोड्या विणा, दर वेळी ४-५ टाके अलीकडे वळत. २-३ सेंमी उंची मिळते. आणि ८४ टाके म्हणजे ४२ सेंमीचा गळा. त्यातून प्रौढ माणसाचं डोकं जायचं तर टाके बंद करताना सुई दोन माप जाड घ्या, किंवा सुईदोऱ्याने शिवून बंद करा.

पीळदार
वेणीकडे कुणी वळलंच नाही अजून.

१४ ओळींसाठी अख्खा भाग उसवायचा नाही. तेवढे सहा टाकेच सोडायचे.

१. वेणीच्या सहा टाक्यांपर्यंत विणत या. वेणीच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांवर सुईच्या टोकांना रबराची टोपणं लावा, म्हणजे शेजारचे गळणार नाहीत.
२. सहा टाके सुईवरून काढा आणि एकेक ओळ हळूहळू उसवत चुकलेल्या पिळाच्या एक ओळ खाली या. एकदम ओढू नका. पिळापाशी टाके एकमेकांवर चढलेले असतात, तिथे धागा अडकतो.
३. मोकळे सहा टाके एका छोट्या दुटोकी सुईवर घ्या, मापाने एक नंबर बारीक. समोर १४-१५ आडवे धागे शिडीसारखे लोंबताना दिसतील. सगळ्यात खालचा पहिला वापरायचा. क्रम चुकला की टाके वरखाली होतात, म्हणून वरचे धागे फळ्यावर टाचणीने अडकवून ठेवलेले बरे.
४. आता पीळ. तीन टाके जादा सुईवर घेऊन कामाच्या पुढे धरले तर वेणी डावीकडे कलते, मागे धरले तर उजवीकडे. चूक बहुधा इथेच झालेली असते.
५. दुसऱ्या दुटोकी सुईने त्या धाग्यांतून ओळीमागून ओळ विणत वर या. मध्ये आणखी एक पीळ आहे, सहा ओळी खाली, तो विसरू नका.

शेवटच्या काही ओळींत धागा आखूड वाटेल आणि टाके आवळतील. घाबरायचं कारण नाही. सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांतून थोडी थोडी लोकर वेणीकडे सरकवा. धुतलं की सारखं होतं.

एक आडवाट: पीळ देण्याची दिशा कागदावर बाणाने काढून ठेवली तर हा उद्योग पुन्हा करावा लागत नाही. डाव्या आणि उजव्या भागाच्या वेण्या आरशातल्यासारख्या समोरासमोर हव्या असतील तर बाण दोन्हीकडे उलट.

उलटसुलट
आणि बटणपट्टी. कडेला ओळी १५० असतील ना, ५० सेंमीचा भाग? प्रत्येक ओळीतून एक याप्रमाणे १५० टाके उचललेत, म्हणून लाटा येताहेत.

टाका रुंद असतो आणि ओळ बुटकी. तुमच्या मापाने १० सेंमीत ओळी ३० आणि टाके २२. म्हणजे ५० सेंमीच्या पट्टीला ११० टाके हवेत, १५० नव्हे. चार ओळींतून तीन टाके उचला, चौथी ओळ सोडा, त्याने ११२ येतात. दोन कुठेतरी आणखी सोडा. उलट, पट्टी आखडून पुढचा भाग वर ओढला जात असेल तर टाके कमी पडले असं समजायचं.

११० हा आकडा मुद्दाम: दोन सुलट दोन उलट बॉर्डरला चाराची पट अधिक दोन लागतात, म्हणजे दोन्ही टोकांना सुलटच्या जोड्या येतात. बॉर्डरची सुई अंगापेक्षा ०.७५ ते १ मिमी बारीक.

सात काजी: ६ टाके, मग (२ टाक्यांचं काज, १४ टाके) सहा वेळा, शेवटचं काज २, आणि ६ टाके. बेरीज ११०. या मांडणीत प्रत्येक काज बरोबर उलट टाक्यांच्या खाचेत पडतं, त्यामुळे बटण लावल्यावर बॉर्डरच्या रेघा तुटत नाहीत. आठ ओळींची पट्टी असेल तर काजं चौथ्या ओळीत, ती सुलट बाजूची. सुईवर एक वेढा, दोन टाके एकत्र उलट. १२ ते १५ मिमीच्या बटणाला पुरतं.

काजाची पट्टी आधी विणू नका. बटणांची पट्टी आधी पूर्ण करा, तिच्यावर बटणं टाचणीने मांडा, आणि मगच काजांच्या जागा ठरवा.

नवी_सुई
मध्येच विचारते, माफ करा. मफलर विणतेय, ४० टाके, एक ओळ सुलट एक उलट. दोन्ही कडा आत गुंडाळल्या जाऊन त्याची नळी झालीय. अॅक्रिलिक लोकर आहे. इस्त्री केली तर सपाट होईल का? आणि नमुन्यात १० नंबरच्या सुया लिहिल्यात, माझ्या सुयांवरही १० लिहिलंय, तरी माझं काम खूप जाड आणि जाळीदार दिसतंय.

पीळदार
इस्त्री मुळीच नको! अॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं, त्याची लवचिकता जाते आणि ते लोंबतं. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. बॉर्डरवर वाफ लागली तर बॉर्डर कायमची सैल.

कडा वळणं ही त्या विणीची खोडच आहे. उभ्या कडा उलट बाजूकडे वळतात, वरची आणि खालची कड सुलट बाजूकडे. तुमच्या हाताची चूक नाही. दोन्ही कडांना ४-४ टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणा आणि सुरुवातीला व शेवटी सहा ओळी पूर्ण सुलट. त्यानेही मफलर लांब असेल तर थोडा वळतो. खरं तर मफलरला दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी वीण घ्यावी: सगळ्या ओळी सुलट, किंवा दोन सुलट दोन उलट. ४० टाक्यांऐवजी ४२ घालून दुसरी वीण करा.

उलटसुलट
नंबरचं: जुनी ब्रिटिश पद्धत आणि अमेरिकन पद्धत एकमेकींच्या उलट चालतात. ब्रिटिशमध्ये नंबर मोठा तशी सुई बारीक, अमेरिकनमध्ये नंबर मोठा तशी सुई जाड. ब्रिटिश १० म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन १० म्हणजे ६ मिमी. तुमच्या सुया जवळजवळ दुप्पट जाड आहेत. ८ नंबर ब्रिटिशमध्ये ४ मिमी, अमेरिकनमध्ये ५ मिमी. फक्त ७ नंबर दोन्हीकडे ४.५ मिमी, तिथे गाठ पडते दोघांची. भोकांची मापपट्टी घेऊन सुई मिमीमध्ये मोजा आणि वहीत मिमीच लिहा.

दोनसुया
पुढची स्थिती.

वेणी: सहा टाके खाली सोडून दुरुस्त झाली. पहिल्या खेपेला मधला, सहा ओळी खालचा पीळ राहिला, पुन्हा सहा ओळी सोडाव्या लागल्या. तीन ओळी अजून आवळलेल्या दिसतात, धुवायचं बाकी आहे.

बटणपट्टी: १५० ची उसवली, ११० टाके उचलले, ३.२५ मिमी सुई, आठ ओळी. सपाट बसली. उसवलेली लोकर नागमोडी झालीय, तशीच विणायला घेऊ का?

दुसरा मोजा: पडदा ३२ ओळी, टाच १८, सतरावा टाका दोन्हीकडे. भोक नाही. तळवा विणून झालाय, पंज्याची घट सुरू करायची आहे.

शाल: ९० ओळी, १८७ टाके, बरोबर. दोरा ओवत गेले.

स्वेटर: एक बाही काखेपर्यंत. दुसऱ्या बाहीला लोकरीचा नवा गुंडा काढला तर रंग किंचित गडद वाटतोय.

मुंढा
गुंड्याच्या पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर बघा. वेगळा असणार. आख्खी बाही नव्या गुंड्याची केलीत तर उजेडात फरक दिसेल. जुना गुंडा अजून शिल्लक असेल तर दोन फेऱ्या जुन्या, दोन फेऱ्या नव्या असं आलटून पालटून विणा. जुना संपला असेल तर दुसरी बाही तशीच करा, पण पहिल्या बाहीची बॉर्डर उसवून नव्या लोकरीने खालच्या बाजूला विणून घ्या, आणि गळ्याची व अंगाच्या खालची बॉर्डरही नव्याच लोकरीची. मग तो फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो. बॉर्डर उसवताना लक्षात ठेवा, मनगटापासून सुरू केलेली बाही खालच्या टोकाकडून सरळ उसवत नाही. बॉर्डरच्या वरच्या फेरीतले ४० टाके आधी बारीक सुईवर घ्या, त्याखालच्या फेरीत एक धागा कापा, आणि मग बॉर्डर सोडवा.

पीळदार
नागमोडी लोकर तशीच विणू नका, टाके वेडेवाकडे येतात आणि मापही फसतं. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास, टॉवेलने दाबून लटकवा. वजन टांगू नका, लोकर ताणलेल्या अवस्थेत वाळली की विणल्यावर पुन्हा आखडते.

चारसुया
पंजा: पायाच्या लांबीपेक्षा साधारण ५ सेंमी आधी सुरू करा. प्रत्येक घटीच्या फेरीत चार टाके कमी, दोन्ही बाजूंना दोन दोन. एकाआड एक फेरी आठ वेळा, ६४ चे ३२. मग प्रत्येक फेरीला चार वेळा, ३२ चे १६. आठ वर, आठ खाली, सुईदोऱ्याने समोरासमोर जोडून टाका. दुसऱ्या मोज्याच्या तळव्याच्या फेऱ्या पहिल्याशी मोजून जुळवा, पट्टीने नको. विणकाम पट्टीखाली ताणलं जातं आणि एक मोजा नेहमी दोन फेऱ्यांनी मोठा होतो.

दोनसुया
पहिल्या मोज्याच्या तळव्यात ५८ फेऱ्या, दुसऱ्यात ६१ निघाल्या. तीन उसवते.